विमानाच्या आतला फोटो

रस्त्यावरच्या खांबाला प्लास्टिकची पाटी दिसली की सर सायकल थांबवत, पाटीवरून नख ओढत आणि कान देऊन ऐकत. "नळ्या सरळ आहेत. विमान होईल."

पंचवटीतल्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत. मी तिथे शिक्षक म्हणून नवाच लागलो होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पगारी माणसाने असं खेळण्यात रमावं याचं मला नवल वाटे. पाटी पुठ्ठ्यासारखी, आत पोकळ नळ्या. एका बाजूचा पापुद्रा नळीच्या रेषेत कापायचा, दुसरा अखंड ठेवायचा. तिथे बिजागरीसारखी घडी पडते. चार घड्या घातल्या की विमानाचं धड तयार. पंख थर्माकोलचे. रबराची दोरी ताणून सोडलं की ते मैदानावर तरंगत जाई. पाटी मात्र सर विचारल्याशिवाय काढत नसत.

शाळेसमोरचे शिंपीकाका गेले, तेव्हा खांबावर श्रद्धांजलीची पाटी लागली. पावसाळा उलटला तरी ती तिथेच. सरांनी खांबाशेजारच्या टपरीवाल्याला विचारलं.

"न्या की सर. आता कोण बघतंय?"

सरांनी पांढरी बाजू बाहेर ठेवून धड केलं. काकांचा फोटो आत गेला.

दुकान आता काकू चालवत. त्या शाळेत आल्या. "सर, पाटी तुम्ही नेली म्हणे. द्या ना. लग्नातल्या फोटोवरून मोठा करून घेतला होता, तो मूळ फोटो छापणाऱ्यानं हरवला. यांचा दुसरा फोटोच नाय घरात."

तुम्ही-आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. सर म्हणाले, "उद्या आणतो." त्याच संध्याकाळी त्यांनी धड उलगडलं आणि ड्रॉइंग बोर्डांखाली दाबून ठेवलं. घड्या गेल्या नाहीत. एक काकांच्या कपाळावरून, एक ओठांवरून. दुसऱ्या दिवशी सर पाटी घेऊन दुकानात गेले.

"टपरीवाल्याला विचारलं, तुम्हाला नाही विचारलं. चुकलं, काकू."

काकूंनी घडीवरून बोट फिरवलं. "शर्टाची असती तर इस्त्रीनं गेली असती. असू द्या, सर."

सरांनी ते असू दिलं नाही. पुन्हा पाटी कापली नाही. मुलं विमान मागत, तर म्हणत, "हात दुखतो रे." दुकान टाळायला मागच्या गल्लीने शाळेत येऊ लागले. एकदा काकूंनी त्यांना तिथेच गाठलं. "सर, मी काय वाघ हाय का?" सर हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गल्लीनेच आले.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत सर गेले. विद्यार्थ्यांनी त्याच खांबावर त्यांची पाटी लावली. तेरावा झाला आणि काकू दुकानातलं स्टूल घेऊन पाटीच्या तारा सोडवायला लागल्या.

टपरीवाला म्हणाला, "राहू द्या की काकू, एवढ्यात कशाला?"

"एवढ्यातच," काकू म्हणाल्या. मी शाळेतून बाहेर पडत होतो. त्यांनी मला हाक मारली. "सरांच्या घरी नेऊन देऊ. तुम्ही तिकडून धरा. सरळ धरा, घडी पडायला नको."