कानिफनाथाच्या अंगणातली डोणी

खर्ड्याच्या वाटेवर माळाला एक हेमाडपंती देऊळ पडून होतं. छप्पर गेलेलं, देवही गेलेला. दारापुढची हातपाय धुवायची दगडी डोणी तेवढी शाबूत. मसणवट्यातनं परतणारी माणसं तिच्यातल्या पाण्यानं हातपाय धुऊनच गावात शिरायची. पाणी मयताच्या घरानं भरायचं, तेही तिरडी उचलायच्या आधी. गावात मयत नसताना डोणीला कुणी हात लावायचा नाही.

कानिफनाथाला असल्या गोष्टींची फिकीर नव्हती. बोलायला तुसडा, कामाला वाघ. बहात्तर साली विहिरीनं तळ दाखवला, तसं टँकरचं पाणी साठवून बैलांना पाजायला म्हणून त्यानं डोणीला साखळदंड बांधला आणि बैलांकरवी ओढत अंगणात आणली. दम्यानं अंथरुणाला खिळलेल्या आईनं, राहीबाईनं, दगडाची घरघर ऐकली.

गावात तिरड्या बांधणारा म्हातारा आसाराम अंगणाच्या कुडाशी थांबला. “डोनी आनलीस, आता मान्संबी हितंच येत्याल.”

“यिऊ द्या की. च्या पाजीन.”

आठच दिवसांत गावातली साळूबाई गेली. तिच्या लेकानं सकाळी मुकाट येऊन डोणीत घागर ओतली. दुपारी तीसचाळीस माणसं मसणवट्यातनं थेट कानिफनाथाच्या अंगणात आली, हातपाय धुऊन, चुळा भरून निघून गेली. राहीबाई आत खोकत एकेक चूळ ऐकत होती. कानिफनाथाच्या बायकोनं, भागूबाईनं, त्या दिवसापासून बैलांना घमेल्यात पाणी दिलं. पंधरवड्यात आणखी दोघं गेली, आणि दोन्ही वेळा तसंच झालं.

त्यातल्या तिसऱ्या मयताची माणसं हातपाय धुऊन गेल्यावर राहीबाई म्हणाली, “कानिफा, माझ्या येळंला पानी लांब न्यायाचं काम न्हाई. दारातच हाय.”

तेव्हा कुठं गडी हादरला. डोणी परत पोचवायचीच, आई आहे तोवर. पण बैल बरगड्यांवर आलेले, छावणीत धाडलेले. माणसं मागितली तर मयत नसताना डोणीला हात कसा लावायचा, म्हणत जो तो मागं सरला. मग दुष्काळी कामावर खडी फोडून आला की तो पहार घ्यायचा आणि डोणी तसू-तसू सरकवायचा. आठ दिवसांत कुडापर्यंत आली.

“कुठवर गेली?” त्या सकाळी आईनं विचारलं.

“कुडापातूर.”

“मंग लई लांब हाय की आजून.”

संध्याकाळी तो खडीवरनं परतला. टँकरचा वार नव्हता. तरी डोणी काठोकाठ भरलेली होती, आणि भागूबाई रिकामी घागर मांडीवर घेऊन कुडाला टेकून बसली होती.

आसाराम खांद्यावर दोन बांबू घेऊन वाटेनं येत होता.