पाणी घालणारा बगळा

इस्पितळाच्या धुलाईखात्यात मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई चादरींच्या घड्या घालतो. मी त्यांना ताई म्हणते. गरम रुळांच्या यंत्रातून चादर बाहेर पडली की दोन टोकं त्यांनी धरायची, दोन मी, आणि एकमेकींकडे चालत येऊन घडी घालायची. दिवसभर आमची तोंडं अशी समोरासमोर येतात नि लांब जातात. त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरचं माझ्यापासून काही लपत नाही.

ताई कष्टाळू, स्वच्छ, कुणाचा पैसा न बुडवणारी बाई. पण जीभ अशी, की देवाने ती देताना जरा हात आखडता घ्यायला हवा होता. त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, माझ्या पुतणीने, एका घटस्फोटित माणसाशी लग्न करायचं ठरवलं. त्याला पहिल्या बायकोची लहान मुलगी. तो आपल्या आईला आणि त्या पोरीला घेऊन घरी आला, तेव्हा ताई सगळ्यांदेखत मुलीला म्हणाल्या, "यांना सून नको, आया हवी आहे. जा, दुसरीचं उष्टं वाढव."

ती पोर तिथेच बसली होती. तिच्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं. माझी पुतणी उठली, तिने पोरीला कडेवर घेतलं आणि गेली. त्यानंतर तिने आईचा नंबर बंद करून टाकला.

राहिला तो फक्त एक खेळ.

मोबाइलवरचा शेतीचा खेळ. आधी कधीतरी ताईंचा पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा वेळ जावा म्हणून मुलीनेच तो घालून दिला होता. त्यात ताईंचं नाव ठेवलं 'आईसाहेब' आणि स्वतःचं 'खारूताई'. दोघींची शेतं शेजारी शेजारी. भांडणानंतर मुलीने सगळं तोडलं, पण हा शेजार तोडला नाही. विसरली की मुद्दाम ठेवला, देव जाणे. त्या खेळात एक सोय आहे: शेजाऱ्याची माती सुकलेली दिसली, तर दिवसातून एकदा आपण तिला पाणी घालू शकतो. मग त्याला निरोप जातो, आणि वाटलं तर तो पत्त्यांतल्यासारखा एक लाल बदाम पाठवतो.

जेवणाच्या सुट्टीत ताई डबा उघडायच्या आधी मोबाइल उघडायच्या. मुलीचं शेत हमखास सुकलेलं असायचं. पाणी घालायच्या. दुसऱ्या दिवशी बदाम आलेला असायचा. तो बघितला की त्या जेवायच्या. मायलेकींचं सगळं बोलणं एवढंच.

"तिला उसंत नाही गं," ताई मला म्हणायच्या. "त्या पोरीमागे धावत असणार. बघ, मका पार वाळलाय."

मागच्या महिन्यात खेळात खास बाजार भरला. थोड्या दिवसांपुरते प्राणी मिळणार होते, नंतर नाही. साठवलेल्या टोकनांत एकच घेता येणार. आमच्याकडे मळक्या कपड्यांची गाडी ढकलणारा एक जण हा खेळ खेळतो. त्याला ताईंनी विचारलं, तर तो गाडी तिथेच सोडून शिकवायला बसला.

"वहिनी, तो पंखवाला घोडा बघू नका. नुसता मिरवतो, खातो. कोल्हा घ्या. कोल्हा बियाणं उकरून आणतो."

"आणि हा बगळा?"

"बगळा म्हणजे घरजावई नव्हे, घरगडी! अख्ख्या शेताला आपला आपण पाणी घालतो. तुम्ही आठवडाभर खेळ उघडला नाही तरी पीक वाळत नाही. पण तुम्हाला कशाला? तुम्ही तर रोज हजर."

"मला नाही. द्यायचाय."

"देता येतो. पण दिलेला परत घेता येत नाही हां. मग माझ्या नावाने बोटं मोडू नका."

ताईंनी बगळा घेतला आणि मुलीला पाठवला. त्या दिवशी घडी घालताना त्या गुणगुणत होत्या. मला म्हणाल्या, "तेवढंच तिचं एक काम कमी." मीही खूश झाले. मला त्या खेळातलं काय कळतंय?

दुसऱ्या दिवशी बदाम आला. बगळा मुलीच्या शेतात एका पायावर उभा होता नि सगळं हिरवंगार. ताईंनी मला ओढून दाखवलं. मग पाणी घालायला गेल्या, तर झारीचं चित्र करडं पडलेलं, दाबलं जाईना. खाली लिहिलं होतं, 'या शेताला मदतीची गरज नाही.'

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच, आणि पुढेही तेच. पाणी घालायचं नाही म्हणजे निरोप नाही, आणि निरोप नाही म्हणजे बदामही नाही. ताईंचा डबा तसाच घरी जायला लागला.

शेवटी त्यांनी गाडीवाल्याला गाठलं. तो खजील झाला. "वहिनी, मी पिकाचा विचार केला हो. तुम्ही तिथे पिकासाठी जात नव्हता, हे मला काय माहीत?"

मग मी ताईंना न सांगता पुतणीला फोन केला. माझा नंबर तिने ठेवला आहे. म्हटलं, "अगं, तो बगळा काढून ठेव ना. तुझी आई जेवत नाही."

ती म्हणाली, "काकू, बगळा कामाचा आहे. पण तिच्यासाठी काढीनही. तिने आधी फोन करावा आणि माझ्या मुलीची माफी मागावी. ती अजून पाहुण्यांसमोर बिस्किट खात नाही."

"अगं, ती रोज पाणी घालत होती..."

"त्या दिवशी बोलायला तोंड होतं ना? मग तोंडानेच बोलू दे."

मी हे जसंच्या तसं ताईंना सांगितलं. त्यांनी चादर झटकली. "मी रोज पाणी घालत होते ती माफी नव्हती, तर काय करमणूक होती? आणि बोलले त्यात खोटं काय होतं? त्या पोरीमागे धावताना शेत वाळत होतं की नाही तिचं?"

मी रोज सकाळी देवासमोर दोघींसाठी हात जोडते. त्या दिवशी मात्र वाटलं, देवाने तरी काय करायचं? मी मोबाइल काढला, नंबर लावला आणि ताईंच्या कानाला धरला. "फक्त एक शब्द बोला. पुढचं मी बघते."

पलीकडून उचलला. "हॅलो, काकू?" मलाही ऐकू आलं. ताईंनी मोबाइल हातात घेतला. ओठ हलले. "हॅलो? काकू, ऐकू येतंय का? काकू?" मागे त्या पोरीचा बारीक आवाज काहीतरी मागत होता. ताई तो ऐकत राहिल्या, आणि बघता बघता त्यांचा चेहरा आवळत गेला.

त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"आवाज बरा आहे लेकीचा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या चादरीची दोन टोकं धरून उभ्या राहिल्या. दुसरी दोन मी उचलायची वाट बघत. फोनवर पुतणी अजून काकू, काकू करत होती. मी फोन बंद केला.