स्वयंपाकघरामागची मोरपंखी

देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झाल्यावर आबांनी औंढ्याला, डोंगराच्या पायथ्याशी घर बांधलं. कुंपणाला भिंत घालायची नाही, मोरपंखी लावायची, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. तिथल्या साहेबांच्या बंगल्यापुढची बारमाही हिरवी रांग त्यांच्या मनात भरली होती. आमच्याकडचा पाऊस मुळाशी साचला की हे झाड कुजतं, म्हणून त्यांनी मातीचा उंच वरंबा करून त्यावर रोपं लावली. दरवर्षी एप्रिलातल्या जयंतीच्या आधी कात्री चालायची. शेंडा निमुळता आणि बूड रुंद ठेवायचे, म्हणजे खालच्या फांद्यांनाही ऊन मिळतं. मग लांब बाह्यांचा शर्ट घालून आबा झाडात हात खुपसायचे आणि आत अडकलेला वाळका पाला ओढून काढायचे. बाहेरून कितीही हिरवी दिसली तरी मोरपंखी आतून वाळत असते.

दमा लागल्यापासून हे आतलं काम बंद पडलं होतं. आई गेल्यावर घरात ते एकटेच. मी तळेगावात नोकरीला, रविवारी येणारी. माणूस लावू या म्हटलं की, "दुसऱ्याचा हात नको," एवढंच बोलायचे.

मार्चमधल्या एका रविवारी, दुपारी मी ओट्यावर भांडी घासत होते. शेजारच्या मावशी गोठ्यातून ओरडल्या, "भाऊ, डोंगर पेटलाय! वारं हिकडंच हाय!"

मागच्या दारातून पाहिलं तर वाळल्या गवतातून आगीची रेघ खाली सरकत होती. गावातली पोरं हिरव्या फांद्या घेऊन वर झोडपत होती, पण वाऱ्यापुढे त्यांचं काही चालत नव्हतं. मी मोटर सुरू करायला धावले. लाइट गेलेली. टाकीच्या तळाशी थोडंसं पाणी. गॅसचा सिलिंडर ओढत पुढच्या अंगणात नेला आणि परत मागे आले, तेव्हा दोरीवरच्या कपड्यांवर काळी राख पडायला लागली होती.

मागची ओळ शेताच्या कोपऱ्यापासून थेट स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत सलग होती. शेवटच्या झाडाची फांदी चौकटीला टेकलेली. मी आत हात घालून पाला मुठीत धरला, त्याचा भुगा झाला.

"आबा, मधली झाडं तोडायला हवीत. आत्ताच."

"येडी झालीस का? आग हितवर कदी आली न्हाई."

मी कोयता उचलला. पहिला घाव लवचिक फांदीवरून निसटला. दुसरा घालणार तोच आबांनी माझं मनगट धरलं. "माझ्यादेखत न्हाई." धुराने त्यांची छाती शिट्टीसारखी वाजत होती. मी हात सोडवायला पाहत होते, ते सोडत नव्हते.

तेवढ्यात पेटलेल्या गवताचा एक झुबका उडत येऊन कोपऱ्यातल्या झाडात पडला. आधी नुसता धूर निघाला. मग रॉकेल ओतल्यासारखं ते झाड आतूनच भडकलं. आम्ही दोघं बघत असतानाच शेजारच्या झाडाने पेट घेतला.

आबांनी माझा हात सोडला आणि ते पडवीकडे गेले. मला वाटलं, त्यांना बघवत नाही. ते करवत घेऊन आले.

"कोयत्यानं न्हाई व्हायचं. बुडाला लाव. मी वाकवून धरतो."

मी करवत ओढत होते, ते खोड दाबून धरत होते आणि खोकत होते. झाड आडवं झालं की धावत आलेल्या मावशी ते फरफटत रस्त्याकडे नेत. गालाला चटके बसत होते. माझं लक्ष मात्र आगीपेक्षा आबांच्या श्वासाकडे होतं. "तुम्ही पुढं जाऊन बसा," मी ओरडले.

"तू काप!"

आग आम्ही केलेल्या मोकळ्या जागेपर्यंत आली. काही निखारे पलीकडे उडाले, ते मावशींनी ओल्या पोत्याने झोडपले. पुढे जळायला काही उरलं नव्हतं. ज्वाळा बसल्या. तोवर पोरांनी शेताच्या बांधावर गवताची आगही विझवली होती.

खिडकीची काच तडकली, भिंत काळी झाली. घर उभं होतं. आबा पायरीवर बसून दम्याचा पंप ओढत राहिले. त्यांची धाप ओसरली तेव्हा कुठे मी हात धुतले, तर तळव्यांना फोड आलेले. रात्री उशिरा मी तळेगावला परतले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "खिडकीपाशी ऱ्हायलेली झाडंबी काढली. माणूस बोलवला व्हता."

मोरपंखीच्या जुन्या लाकडाला पुन्हा पालवी फुटत नाही. पावसाळ्यात त्यांनी बुंधे खणून काढले आणि भिंतीपासून बरीच लांब कामिनी लावली. कामिनी खोलवर छाटली तरी फुटते. आता ती कमरेइतकी झाली आहे.

अजूनही आबा कधीतरी म्हणतात, "जरा थांबली असतीस, तर मधली वाचली असती." मी वाद घालत नाही. चहा ठेवते.