गाळलेल्या चार ओळी

चूक माझीच होती. धर्मयुद्धाच्या एका मध्ययुगीन लॅटिन बखरीचा मराठी अनुवाद करताना मी चार ओळी मुद्दाम गाळल्या. जिंकलेल्या शहरात बायकापोरांची कत्तल झाली, आणि बखर लिहिणारा ख्रिस्ती साधू त्याबद्दल देवाचे आभार मानतो, त्या ओळी. या अनुवादाच्या अकरा वर्षांत तो साधू मला घरातल्या वडीलधाऱ्यासारखा झाला होता. घरच्या थोरांची पापं आपण अशीच झाकतो.

माझी लॅटिनची विद्यार्थिनी मृणाल हिनं भर वर्गात मूळ पान दाखवत विचारलं, "सर, या चार ओळी तुमच्या अनुवादात कुठं गेल्या?"

"आधी क्रियापदं चालवायला शीक, मग माझ्या चुका काढ," मी म्हणालो. सगळे हसले.

काल ग्रंथालयात ती मूळ पानाच्या छायाप्रतीवर वाकलेली दिसली. बोट त्याच ओळींखाली थांबलेलं. शेजारच्या वहीत तिचा अनुवाद होता, साधा आणि निर्भीड. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. मी पुसलेल्या माणसांना तिनं पानावर परत आणलं होतं, आणि ही भाषा तिला मीच शिकवली होती.

आज त्याच वर्गात उभा राहून म्हणालो, "मृणाल, त्या ओळी मला दिसल्या होत्या. मी त्या लपवल्या, वर तुझीच थट्टा केली. मला माफ कर."