तानूबाईंचा फरक

तानूबाई मूळच्या निपाणीच्या. आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये चार घरची धुणीभांडी करायच्या, आणि आठ वर्षांत त्यांनी माझ्या धुण्यातलं एक बटण तोडलं नव्हतं. अशा बाईचं काम मी सत्त्याण्णवच्या दिवाळीत काढून घेतलं, तेही हातावर मैसूरपाक ठेवून.

त्याचं असं झालं. आमचे हे, दामोदर, संशोधन संस्थेत ड्राफ्ट्समन. पाचव्या वेतन आयोगाची पगारवाढ मागच्या तारखेपासून, म्हणजे जानेवारी शहाण्णवपासून मिळावी, म्हणून ह्यांनी वर्षभर काळ्या फिती लावल्या आणि गेटवर भाषणं ठोकली. भाषणाची तालीम स्वयंपाकघराच्या दारात. मी कुकरच्या शिट्टीची वाट बघायचे, तेवढीच कानांना विश्रांती. तानूबाई मात्र भांडी घासता घासता मन लावून ऐकायच्या. मला वाटायचं, बाई सभ्य आहे.

अखेर फरक, म्हणजे मागची थकलेली वाढ, मिळाला. थोडा फंडात गेला, उरलेला हातात आला, आणि अख्ख्या क्वार्टर्सच्या अंगात आलं. बाहेर मंदी होती, बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतले कितीतरी कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालत होते, पण आमच्या आवारात दुकानांचे टेम्पो मागेपुढे होत होते. शेजारच्या हेमलतानं रंगीत टीव्ही घेतला. मग मला घरी बसवेना. आम्ही इंदिरानगरच्या बाजारात मिक्सर आणायला गेलो आणि कपडे धुण्याचं मशीन घेऊन आलो. ते कसं झालं हे ह्यांना आजही सांगता येत नाही. मला येतं, पण मी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रीतीप्रमाणे फरकाचा मैसूरपाक शेजारीपाजारी वाटला. एक तुकडा तानूबाईंना दिला आणि म्हटलं, "पहिल्या तारखेपासून भांडी तेवढी करा. धुणं आता नको."

"सरी, अक्का," त्यांनी कानडीत होकार दिला. तुकडा खाल्ला, हात पदराला पुसला. मग सांगितलं, "हेमलताअक्का बी मशीन आननार म्हनत्यात. आमचं पोरगं परसू, त्येचा कारखाना तीनच दिस चालतोय. धुनी गेली तर खोलीचं भाडं न्हाई निघायचं, निपाणीला जावं लागंल. पोरीची, कस्तुरीची धाव्वीची परीक्षा मार्चात हाय. तेवढी झाली असती तर बरं झालं असतं."

त्या रडल्या नाहीत, हेच वाईट. मी माझा तुकडा डब्यात परत ठेवला. पण मशीन तर दारात उभं होतं.

मशीन दोन पोटांचं. एकात कपडे घुसळायचे, उचलून दुसऱ्यात पिळायचे. पाणी मात्र आपण ओतायचं, हे दुकानदार सांगायला विसरला होता. आमच्या नळाला पाणी दिवसाआड, पहाटे पाचला. मी चौदा बादल्या ओतल्या. पिळायला लागल्यावर मशीन चालत चालत गॅलरीच्या कठड्यापर्यंत गेलं आणि मी त्याला मिठी मारून उभी राहिले. तिसऱ्या धुण्याला माझी कंबर धरली. हेमलताचंही मशीन तोवर आलं होतं. ती त्यावर केळी ठेवायला लागली.

रविवारी तानूबाई आल्या त्या थेट ह्यांच्या पेपरासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, मला बी फरक पायजे."

"कसला फरक?"

तानूबाईंनी एक बोट वर केलं. "महागाई कुनासाठी थांबली न्हाई. काम तवापासून घेतलं, तर दाम बी तवापासून. ही भीक न्हवं, हक्क हाय." मधे जिथे हे टाळ्यांसाठी थांबतात, तिथे त्याही थांबल्या.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सुलभा, तू काहीतरी बोल."

"मी श्रोत्यांत आहे," मी म्हटलं. इतकी मजा मला फरक आला तेव्हाही वाटली नव्हती.

"विचार करू," हे म्हणाले.

"सरकार बी असंच म्हनत हुतं. तुमीच सांगत हुता."

ह्यांना आपलंच भाषण खोडता येईना. शेवटी ठरलं. महिन्याला वीस रुपये वाढ, जानेवारी शहाण्णवपासून. थोडे पुढच्या महिन्यात देतो, असं हे म्हणाले, तर बाई म्हणाल्या, "समदं आत्ता द्या. मला फंड न्हाई." आणि धुणं परत त्यांच्याकडे. मशीनमध्ये बादल्या त्या ओततील, त्याचे पैसे वेगळे. ही अट मीच घाईघाईनं मान्य केली.

तेच भाषण त्यांनी हेमलताकडे आणि उरलेल्या दोन घरी केलं. त्या घरचे पुरुषही काळ्या फितीवाले, बोलणार काय?

संध्याकाळी दार वाजलं. तानूबाई, काठाची साडी नेसून, हातात मिठाईचा पुडा.

"मार्चपर्यंतचं भाडं मालकाला देऊन आले," त्या म्हणाल्या. "कस्तुरी परीक्षेला बसनार."

मी काही बोलायच्या आत त्यांनी पुडा सोडला. "फरक मिळाला की वाटत्यात न्हवं?"

मी त्यांना एक तुकडा दिला होता. त्यांनी माझ्या हातावर दोन ठेवले, आणि मी ते खाईपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या.