भरीत, पुऱ्या आणि आमचा शिवाररस्ता

माझं माहेर रावेर तालुक्यातलं, केळीवाल्यांचं. नोकरीमुळे मी जळगावला राहते. गावी गेले की चपला काढायच्या आधी धाकट्या भावाला विचारते, "रस्त्याचं काय झालं?" आणि तो दर वेळी हसतमुखानं सांगतो, "मंजूर झाला, अक्का!" मंजूर व्हायला काय जातं? या रस्त्याचं भूमिपूजन मी स्वतःच दोनदा पाहिलंय. नारळ फुटले, पेढे वाटले, फोटो निघाले. खड्डे तेवढे जागचे हलले नाहीत.

हा रस्ता म्हणजे गावापासून आमच्या शेतापर्यंतची वाट. मध्ये एक नाला लागतो, त्यावर फरशी नाही की मोरी नाही. उन्हाळ्यात दगड आणि पावसाळ्यात चिखल. कापूस किंवा ज्वारी असती तर निभावलं असतं. पण केळी नाजूक. ट्रॉलीत दोन धक्के बसले की दुसऱ्या दिवशी सालीवर काळे डाग उमटतात. मग व्यापारी नाक मुरडतो आणि मिळेल त्या भावात माल द्यावा लागतो.

गेल्या वर्षी भावानं हिय्या केला. परदेशात माल पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस शेत बघून गेला होता. तो म्हणाला होता, माल डागाळलेला नको, आणि आमची थंड गाडी बांधापर्यंत आली पाहिजे, ट्रॉलीतून हिंदकळत आलेली केळी आम्ही घेणार नाही. तेवढ्यात बातमी आली की मतदारसंघातल्या शिवाररस्त्यांसाठी निधी आलाय. भावाला वाटलं, देव पावला. त्यानं महागाची रोपं लावली आणि ठिबक नवं टाकलं. पुढे झाडांतून घड निसवले तेव्हा एकेका घडाला पिशवी चढवली. भावजय तर फण्यांमध्ये कागद सारताना अशी हळुवार व्हायची की पोरांच्या वाट्याला तेवढी माया आली नसेल. सगळा भरवसा त्या रस्त्यावर होता.

आता निधीचं कसं असतं, की तो रस्त्यांपेक्षा नेहमी कमी असतो. म्हणून ठरलं की एक साहेब येऊन सगळे रस्ते पाहणार आणि ज्याची अवस्था वाईट त्याचं काम आधी होणार. यात न कळण्यासारखं काय आहे? पण आमच्या गावाला कोणी पाहायला येणार म्हटलं की मुलगी दाखवायची असल्यासारखं अंगात येतं. सरपंचांनी लगोलग हाक दिली, "साहेबाची गाडी अडकली त गावाची इज्जत जाईन!" झालं. ज्याच्या त्याच्या ट्रॅक्टरनं मुरूम आला. खड्डे भरले, नाल्यात दगड अंथरून वर माती दाबली, पाणी मारलं. वर्षानुवर्षं ज्या रस्त्याला कोणी हात लावला नव्हता, तो दोन दिवसांत चकाचक झाला. माझा भाऊ त्यात सगळ्यांत पुढे. मी फोनवर ओरडले, "अरे, खड्डे दाखवायचे आहेत ना त्यांना?" तर म्हणतो, "पाहुना येऊ राह्यला अक्का, त्याले खड्ड्यातून आनाचं का?"

मी रजा टाकून गेले. म्हटलं, निदान तोंडानं तरी सांगता येईल. थंडीचे दिवस. साहेबांची गाडी डुलत डुलत शेतापर्यंत आली, कुठे खडखड नाही की आपटणं नाही. बांधावर कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली होती. केळीच्या पानावर भरीत, पुऱ्या, सोबत कांद्याची पात. साहेब भला माणूस होता. जेवता जेवता त्यानं स्वतःहून विचारलं, "काय भाऊ, माल न्यायला काही त्रास होतो का या रस्त्यानं?"

मी भावाकडे पाहिलं. बोल, आता बोल. वर्षाची मेहनत मागे पिशव्यांत टांगलेली आहे, बोल!

"नही साहेब," भाऊ वाढता वाढता म्हणाला, "चालून जाते आपलं. तुम्ही पुरी घ्या."

मी मध्ये तोंड घातलं, "अहो, पावसाळ्यात इथे..." तर सरपंचांनीच मला थांबवलं, "अक्का, जेवू द्या ना त्याहिले." साहेब हसले आणि त्यांनी आणखी भरीत मागून घेतलं. हात धुतल्यावर त्यांना पुढच्या गावी जायची घाई. मी गाडीमागे चार पावलं धावले, तर खिडकीतून म्हणाले, "जेवण फार छान होतं, ताई."

त्या रात्री मी भावाला नाही नाही ते बोलले. शेवटी तो एवढंच म्हणाला, "आपल्या पानावर जेवू राह्यला होता तो. खाता घास कडू कराचा का त्याचा?" आमच्याकडे हे बाळकडू आहे. घरी आलेल्याचं पोट भरलं पाहिजे, आपलं रडगाणं आपल्यापाशी. वडीलही असेच होते, त्यांचे वडीलही. सगळं कळतं मला. पण राग येतो तो येतोच.

महिन्याभरात कळलं की निधी दुसऱ्या रस्त्याला गेला. मी तडक कार्यालय गाठलं. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "ताई, मी स्वतः येऊन गेलो. गाडी कुठे आपटली नाही. शेतकऱ्यांना विचारलं, तुमच्या भावालाच विचारलं. मी काय चुकीचं लिहिलं, सांगा." तो माणूस खोटं बोलत नव्हता, हाच तर वैताग. समोरचा चहा मी तसाच ठेवून उठले.

पावसाळा लागला आणि मुरूम नाल्यातून वाहून गेला. त्याच सुमारास केळी कापणीला आली. पिशव्या काढल्या तेव्हा घड असे निघाले की शेजारचे बघायला आले. कंपनीची गाडी नाल्यापर्यंत आली आणि तिथूनच मागे फिरली. कंपनीच्या माणसानं शेतात चालत येऊन एक फणी हातात घेतली, वरखाली केली, म्हणाला, "माल एक नंबर आहे हो." आणि फणी खाली ठेवून निघून गेला. मग नेहमीची ट्रॉली, नेहमीचे धक्के, नेहमीचे डाग आणि नेहमीचा व्यापारी. भावजय त्या दिवशी शेतात आलीच नाही.

दिवाळीला मी गेले. भाऊ मला शेतावर घेऊन गेला. जिथे आजोबांच्या काळापासून केळी उभी असायची, तिथून खांब उपटून रान मोकळं केलं होतं आणि नुकता मका उगवला होता. बोटभर हिरवे कोंब, ओळीच्या ओळी. आमच्या घरात केळीशिवाय दुसरं पीक, याची मी कल्पनाही केली नव्हती.

"मका?" मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला, जशी काही माझीच समजूत काढत होता. "मक्याले किती बी धक्के बसू दे अक्का, डाग पडत नही."