नाक खोटं बोलत नाय

मूठभर सुका जवळा थेट तुमच्या नाकाखाली धरायचा आणि म्हणायचं, "घे वास. नाक खोटं बोलत नाय." ही काकांची दुकानदारी. समोर कोण आहे, कुठल्या कपड्यात आहे, याचा विचारच नाही. एकदा एका नव्या नवरीला जवळ्याची मिशी फुटली होती, तरी तिच्या सासूनं माल घेतलाच.

रोह्याच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान आणि त्यांचं सुक्या मासळीचं, मधे नुसती फळी. माझ्या ब्लाउजांना बोंबलाचा वास लागायचा. मी फळी बडवून ओरडायची, "काका, गिऱ्हाइकं पळतात माझी!" पलीकडून उत्तर यायचं, "पळू दे गो. मांजरीवानी परत येतात."

तरुणपणी ते पेणहून डोक्यावर पाटी घेऊन निघत, गडब, नागोठणे करत गावोगाव फिरत. मग सायकल आली, मग टेम्पो, मग हे दुकान. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, सगळा तालुका त्यांच्या दारात. आमच्या चर्चमध्ये ते डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक होते, म्हणून बाजारात डीकनशेठ. अर्ध्या लोकांना ते आडनावच वाटायचं. एका मुसलमान व्यापाऱ्यानं लग्नाची पत्रिका 'श्री. डीकन व परिवार' अशी पाठवली, तर ती घेऊन ते आठवडाभर बाजारभर मिरवले.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पाळकसाहेब प्रार्थना करून भाकर मोडतात. त्या भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाचे इवलेसे काचेचे पेले डीकननं बाकाबाकावर न्यायचे. त्या ताटात काकांचा जीव होता. त्यासाठी शुक्रवारपासून ते मालाला हात लावत नसत. राख, साबण, लिंबू, परत साबण. हाताची सालं निघायची. मला म्हणायचे, "बाकी सगला धंदा गो. चाकरी हीच एक."

मग एका कंपनीतल्या बड्या साहेबांचं कुटुंब जवळच्या धाटावला राहायला आलं आणि आमच्या मंडळीत सामील झालं. ताट पुढं आलं की साहेबांच्या बाईंचा रुमाल नाकाला. वर्षभरात गोष्ट चर्चच्या कमिटीत गेली. "भाकरीला वास येतो," बाई म्हणाल्या. "मुलांना मळमळतं."

शी! सांगतानासुद्धा तोंड कडू होतं माझं. याच बाई शनिवारी त्यांच्याच दुकानात उभ्या राहून सुक्या कोळंबीचे सोडे निवडून न्यायच्या! आणि आमची माणसं? आगोटीला ज्यांचे डबे काकांच्या बोंबलांनी भरायचे, ती सगळी माना खाली घालून बसली. मी बोलले, तर "तुमचा शेजार आहे, तुम्ही बोलणारच" म्हणून मला गप्प केलं. पाळकसाहेब साखर पेरत म्हणाले, "आता वय झालं तुमचं. ताट दुसरं कुणी नेईल, आराम करा." बोंबलाची मला जन्मात किळस आली नाही, ती त्या गोड बोलण्याची आली.

काका एवढंच म्हणाले, "बरं. मग पेले धुवायचं तरी माझ्याकडं राहू दे." नळ मागच्या अंगणात होता, तिथवर कुणाचं नाक पोचत नव्हतं. सगळ्यांनी पटापट माना हलवल्या आणि विसरूनही गेले.

तेव्हापासून उपासना संपली की ते नळाखाली बसून एकेक पेला धुवायचे, उन्हाकडं धरून बघायचे, पुसून लाकडी पेटीत ठेवायचे. एकदा मी भडकून गेले. "लाज नाही वाटत काका? त्यांचे उष्टे पेले धुता?"

ते मिशीत हसले. "ताटाला हात लागला तं वास येतो. आन ज्याला त्या ओठ लावतात, तो पेला कोन धुतो?" मग आवाज खाली आणून, "बोलू नको हां, आठवंल त्यांना."

मला हसू आवरेना. ते मात्र हातातला पेला पुसत म्हणाले, "एकदा तरी परत ताट नेलं असतं गो. एकदाच."

गेल्या पावसाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. त्या महिन्याच्या प्रभुभोजनानंतर पाळकसाहेब घरी आले, मी तिथंच होते. काकांनी विचारलं, "पेले?"

"त्याची कशाला काळजी? आहेत की माणसं."

चारेक दिवसांत काका गेले. शवपेटीत त्यांच्या हातांवर कुणीतरी अत्तर शिंपडलं होतं. मेल्यावरही सोडलं नाही मेल्यांनी! भाषणात कंपनीतले साहेब म्हणाले, "त्यांच्या सेवेचा सुगंध..." पुढचं ऐकायला मी थांबले नाही.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला. ताट आता त्याच कंपनीतल्या साहेबांकडे. पाळकसाहेबांनी पेल्यांची पेटी उघडली आणि हात मागं घेतला. पेले गेल्या महिन्याचे तसेच होते, न धुतलेले. तळाला रस वाळून काळा पडलेला, वर बुरशी, मुंग्या. आंबट भपका पुढच्या बाकापर्यंत आला.

"शी!" बाईंचा रुमाल नाकाला गेला. "हे धुतले नाहीत कुणी?"

मी उठले. पेटीतला एक पेला उचलला, बाईंच्या बाकाशी गेले, त्यांचा रुमाल बाजूला केला आणि पेला नाकाखाली धरला.

"धुणारे डीकनशेठ होते, बाई. इतकी वर्षं तेच धूत होते. घ्या वास. नाक खोटं बोलत नाय."